ज्युलिएट लो : गाईडच्या मुली फक्त स्वागतासाठी नसतात



३१ ऑक्टोबर म्हटलं की आपण परिपाठात सरदार पटेलांची जयंती आणि इंदिरा गांधींची पुण्यतिथी सांगतो. ते बरोबरच आहे. पण याच तारखेला, १८६० साली, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सव्हाना शहरात ज्युलिएट गॉर्डन लो यांचा जन्म झाला. 'गर्ल स्काउट्स' ही तिथली मुलींची संघटना त्यांनी स्थापन केली. ज्या शाळेत गाईडचं पथक आहे, तिथे तरी हे नाव मुलींच्या कानावर पडायला हवं, असं मला वाटतं.

घरी त्यांना 'डेझी' म्हणायचे. घर श्रीमंत. पण ऐन पंचविशीत कानाचं दुखणं झालं, त्यावर सिल्व्हर नायट्रेटचा उपचार केला आणि त्या कानाने ऐकू येणं फारच कमी झालं. १८८६ मध्ये लग्न झालं. आपण अक्षता टाकतो ना, तसे तिकडेही नवरा-नवरीवर तांदूळ उधळतात. त्यातला एक दाणा नेमका चांगल्या कानात अडकला, पडद्याला इजा झाली आणि तोही कान गेला. संसारही सुखाचा नव्हता. नवऱ्याचं दुसऱ्या बाईशी नातं होतं. घटस्फोटाचं चालू असतानाच १९०५ मध्ये तो वारला आणि इस्टेटीचा मोठा भाग त्या बाईच्या नावे करून गेला. आपल्या हक्कासाठी ज्युलिएटबाईंना झगडावं लागलं.

मूलबाळ नाही, ऐकू येत नाही, वय पन्नाशीचं. अशा वेळी, १९११ मध्ये, त्यांची बेडन-पॉवेल यांच्याशी ओळख झाली. त्यांची बहीण ॲग्नेस तेव्हा इंग्लंडमध्ये गाईडचं काम बघत होती. ज्युलिएटबाईंनी आधी स्कॉटलंडमध्ये सात मुलींचं पथक काढून पाहिलं. मग सव्हानाला परतल्या आणि १२ मार्च १९१२ रोजी १८ मुलींना घेऊन सुरुवात केली.

या मुली करायच्या काय? रानात मुक्काम, गाठी मारणं, प्रथमोपचार. आणि चक्क बास्केटबॉल! आखूड विजारी घातलेल्या मुली रस्त्यावरच्या लोकांना दिसू नयेत म्हणून मैदानाला कापडी पडदे लावावे लागत. पण खेळ बंद नाही केला, हे मला महत्त्वाचं वाटतं. सुरुवातीच्या पुस्तिकेत घरकामाच्या बॅजबरोबर वीजकामाचा आणि विमानविद्येचाही बॅज होता. मुलींनी 'स्काउट' हे नाव लावू नये असं मुलांच्या संघटनेतल्या मोठ्या लोकांचं म्हणणं होतं. बाईंनी नाव सोडलं नाही. पैसे कमी पडले तेव्हा मोत्यांचा हार विकला. कुणी मदतीला 'नाही' म्हणालं, तर ऐकूच आलं नाही असं दाखवून पुढच्या कामाचं बोलायच्या म्हणे!

सगळंच गोड नव्हतं, हेही मुलींना सांगावं. दक्षिणेकडच्या त्या समाजात काळ्या मुलींना गोऱ्या मुलींच्या पथकात जागा नव्हती. ते चित्र बदलायला फार वर्षं गेली.

१७ जानेवारी १९२७ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. गर्ल स्काउटच्या गणवेशातच त्यांना दफन केलं.

आता आपल्याकडे या. जागतिक गाईड संघटनेच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी एक, 'संगम', आपल्या पुण्यात आहे, १९६६ पासून. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात. आणि आपल्या कितीतरी शाळांतल्या गाईड? पाहुणे आले की दोन्ही बाजूंना रांगेत उभ्या, हातात फुलं नाहीतर ओवाळणीचं ताट. स्काउटची मुलं मात्र तंबू ठोकायला. मुक्कामी शिबिराचा विषय निघाला की "मुलींची जबाबदारी कोण घेणार?" हा प्रश्न पालकांच्या आधी आपल्याच स्टाफरूममध्ये विचारला जातो. प्रश्न खोटा नाही. पण त्याचं उत्तर म्हणजे प्रशिक्षित गाईड कॅप्टन, सोबत दोन शिक्षिका, स्वच्छतागृहाची आधी पाहणी आणि पालकांची बैठक. शिबिर रद्द करणं हे उत्तर नव्हे. आणि वर्गात कमी ऐकू येणारी मुलगी असेल, तर तिलाही पथकात घ्या. ज्या बाईंनी ही संघटना काढली, त्यांना तरी कुठे नीट ऐकू येत होतं!

२२ फेब्रुवारीला चिंतन दिन असतो. त्या दिवशी भाषणं दोनच ठेवा. बाकीचा वेळ मुलींना मैदानावर तंबू उभारू द्या. आणि खुंट्या ठोकायला मुलांना बोलावू नका.