संशय आणि पाणाड्या

संशय हा शब्द आपल्याकडे बदनाम आहे. संशय घेणारा तो श्रद्धाहीन, अशीच सर्वसाधारण समजूत. वस्तुतः गौतमाच्या न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत तिसरे स्थान संशयाला आहे आणि नववे निर्णयाला. संशय ही ज्ञानाच्या वाटेवरील पायरी आहे, मुक्काम नव्हे.

हा विचार पोथीपुरता नाही. पंढरपूर तालुक्यातील करकंबसारख्या गावांच्या अवर्षणप्रवण मुलखात बोअर घेण्यापूर्वी अनेक शेतकरी पाणाड्याला बोलावतात. तळहातावरचा नारळ उभा राहतो आणि जागा ठरते. पाणी लागले तर पाणाड्याची कीर्ती होते. न लागले तर दोष नशिबाकडे जातो आणि कर्ज शेतकऱ्याकडे राहते.

येथे ‘पाणी लागले का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘त्याने न दाखविलेल्या जागी ते लागले नसते का?’ हा खरा प्रश्न. काळ्या पाषाणाच्या भेगांत व झिजलेल्या थरांत पाणी साठत असल्याने कोठेही खोदले तरी ते काही वेळा लागणारच. ते यश लक्षात राहते, कोरडी बोअर विसरली जाते.

जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ साली असे ४३ निवडक पाणाडे कोठाराच्या वरच्या मजल्यावर उभे करून खालच्या नळाची जागा ओळखण्यास सांगितले गेले. काहींत कौशल्य आढळले, असे प्रयोगकर्ते म्हणाले. पुढे जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी तपासून ते यश योगायोगापलीकडचे नसल्याचे दाखविले. संशयातून शास्त्रज्ञही सुटत नाहीत, ते असे.

मग भूवैज्ञानिक अचूक असतो काय? मुळीच नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून असली, तरी तिचाही अंदाज चुकू शकतो. मात्र तो कारणांसह मांडलेला असल्याने चूक कोठे झाली हे शोधता येते. निःसंशय ज्ञानाचा पाया देकार्तने १६४१ साली शोधला. शेतकऱ्याला तेवढी सवड नसते. त्याला अपुऱ्या ज्ञानावरच, पण तोलून, निर्णय घ्यावा लागतो.

यासाठी गावोगावच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी एक वही ठेवावी. बोअरची जागा कशी ठरली, खोली किती, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकले, याची नोंद व्हावी. कोरड्या बोअरची तर अवश्य व्हावी. पाणाड्याची विद्या खरी असेल, तर ही वही त्याच्याच बाजूने साक्ष देईल. नसेल, तर पुढचे कर्ज काढण्यापूर्वी शेतकऱ्याला ते कळलेले असेल.