नाव खोडलं, गट नंबर राहिला

शेतीच्या प्रकल्पांसाठी माहिती गोळा करणाऱ्यांचं एक ठरलेलं उत्तर असतं : काळजी करू नका, आम्ही नावं काढून टाकतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. हे उत्तर अपुरं आहे, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

पुणे-सोलापूर महामार्गावरचं कासुर्डी घ्या. समजा, एखाद्या संस्थेने तिथल्या शेतकऱ्यांचं पीक, उत्पन्न, उसनवारी आणि विहिरीचं पाणी यांची यादी केली. नावं खोडली, पण गट नंबर ठेवला. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर दिला की सातबारा दिसतो, आणि त्यावर खातेदाराचं नाव असतं. खोडलेलं नाव काही मिनिटांत परत येतं. महामार्गालगतच्या जमिनीवर डोळा ठेवून बसलेल्या एजंटाला आणखी काय हवं?

आपल्या बाबतीत तर गट नंबरही लागत नाही. गावात मुस्लिम खातेदार मोजकेच असतील, तर 'मुस्लिम, महिला, अल्पभूधारक' हे तीन रकाने पुरतात. भावांच्या बरोबरीने सातबाऱ्यावर नाव लावून घेतलेली बहीण त्या यादीत लगेच ओळखू येते.

राज्यात 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर होते. ॲग्रीस्टॅकमध्ये आधार आणि जमिनीची नोंद जोडून शेतकरी ओळख क्रमांक मिळतो. याला माझा विरोध नाही. मदत योग्य माणसापर्यंत पोहोचायला अशी नोंद लागतेच. प्रश्न आहे तो ही माहिती पुढे कुणाला जाते याचा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने सरकारला अनुदान आणि लाभ देण्यासाठी काही अटींवर संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा दिली आहे. खासगी कंपनीला मात्र सहसा संमती घ्यावी लागते. ती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती आणि मागे घेता येणारी हवी. शिबिरात घाईघाईत 'ओटीपी सांगा' म्हणणं म्हणजे संमती नव्हे. कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे 18 महिन्यांची मुदत आहे. चांगली सवय लावून घ्यायला मुदतीची वाट कशाला पाहायची?

सवयी साध्या आहेत. कामाला लागेल तेवढंच विचारा. माहिती कशासाठी, किती दिवस आणि कुणाकडे राहणार, हे मराठीत वाचून दाखवा. बाहेर देताना गट नंबर काढा, गावाची किंवा तालुक्याची बेरीज द्या, आणि एखाद्या रकान्यात दोन-चारच माणसं येत असतील तर तो आकडा देऊच नका. निष्कर्ष आधी ग्रामसभेत मांडा.

हे नियम आधी आपल्याला लागू आहेत. शिष्यवृत्तीचे अर्ज, कुटुंबांचं सर्वेक्षण, मदतीच्या याद्या आपणही करतो आणि एक्सेल फाइल सरळ व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. अमानत हा शब्द आपल्या घरात लहानपणापासून ऐकलेला आहे. दुसऱ्याने विश्वासाने दिलेले पैसे आपण असे चव्हाट्यावर मांडत नाही. मग त्याची माहिती का मांडावी?