महान्यायवादी कोणाचा?

ॲटर्नी जनरल या पदासाठी राज्यघटनेच्या मराठी अनुवादाने 'महान्यायवादी' हा शब्द योजला आहे. शब्द जड आहे खरा. परंतु मूळ इंग्रजी पदनामात दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा एवढाच अर्थ असताना मराठी शब्दाने त्यात न्यायाला जागा दिली. प्रत्यक्षात या पदाने ती जागा राखली काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

घटनेच्या अनुच्छेद ७६ नुसार हा अधिकारी भारत सरकारला कायदेविषयक सल्ला देतो. देशातील सर्व न्यायालयांत त्याला बोलण्याचा अधिकार आहे. अनुच्छेद ८८ नुसार संसदेतही तो बोलू शकतो, मात्र मत देऊ शकत नाही. पदावर तो राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच राहतो. ही मर्जी व्यवहारात मंत्रिमंडळाची असते. म्हणजे ज्याला प्रसंगी 'नाही' म्हणायचे, त्याच्याच हाती आपले पद!

तरीही 'नाही' म्हणता येते. आयुर्विमा महामंडळाने १९५७ साली हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले. या व्यवहाराची चौकशी न्यायमूर्ती छागला यांनी १९५८ च्या आरंभी मुंबईत उघडपणे केली. त्या वेळी ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड आयोगाच्या साहाय्यास उभे राहिले आणि सरकारला अडचणीची ठरेल अशी मांडणीही त्यांनी टाळली नाही. अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. सेटलवाड मात्र १९६३ पर्यंत आपल्या पदावर होते. ही गोष्ट त्यांच्याइतकीच तत्कालीन सरकारलाही भूषणावह आहे.

याउलट उदाहरण आणीबाणीतले. स्थानबद्धांच्या खटल्यात न्यायमूर्ती खन्ना यांनी ॲटर्नी जनरल नीरेन डे यांना विचारले, की वैयक्तिक वैरातून एखाद्या पोलिसाने कोणाचा जीव घेतला तर काय? आणीबाणी असेपर्यंत त्यावर न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे उत्तर मिळाले. एप्रिल १९७६ मध्ये चार न्यायाधीशांनी सरकारचे म्हणणे मान्य केले. खन्ना एकटे विरोधात राहिले. तो निकाल २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेच मोडीत काढला.

डे यांनी आपल्या युक्तिवादाचा अर्थ लपवला नाही, अशिलाची बाजू प्रामाणिकपणे मांडली, असे कोणी म्हणेल. ते आम्हांस मान्य आहे. परंतु हे पद वकिलाचे असण्याआधी सल्लागाराचे आहे. न्यायालयात उभे राहण्यापूर्वी बंद दाराआड काय सांगितले, यावर त्याची खरी परीक्षा होते. आणि तेथे ऐकले जात नसेल तर पायउतार होण्याची वाट खुली असते. आणीबाणी जाहीर होताच जून १९७५ मध्ये अतिरिक्त सॉलिसिटर जनरल फली नरिमन यांनी तीच धरली.

अडचण अशी, की बंद दाराआडचे शब्द नागरिकांपर्यंत पोचत नाहीत. हे पद माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. खटला चालू असताना गुप्तता हवी, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ठरावीक वर्षांनंतर तरी हे सल्ले अभ्यासकांना खुले व्हावेत, असे आमचे मत आहे. आपला शब्द उद्या वाचला जाणार आहे ही जाणीव लेखकाप्रमाणे सल्लागारालाही सावध ठेवते. केवळ मर्जीवर टिकणाऱ्या पदाला एवढा आधार तरी हवा.