फरशीखालचं दिसत नाही, म्हणून तिथंच चोरी होते



आता जो तो कांदाचाळीला काँक्रीटची फरशी, फरशीखाली हवेचे डक्ट आणि बाहेर ब्लोअर बसवतोय. कल्पना वाईट नाही. उन्हाळ कांदा दिवाळीपर्यंत टिकवायचा तर ढिगाच्या पोटातली उष्णता आणि ओल बाहेर निघालीच पाहिजे. माझं भांडण बांधायच्या पद्धतीशी आहे.

ठेकेदार दाखवतो काय? ब्लोअरचा एचपी आणि गुळगुळीत फरशी. खालच्या पाइपाला उतार किती, पाणी शिरलं तर निघणार कुठून, असं विचारलं की म्हणतो, "होतंय की सगळं, काका." काही होत नाही. एकदा माल ओतला की फरशी फोडल्याशिवाय दुरुस्ती नाही, आणि तोवर त्याचं बिल निघालेलं असतं.

पहिली गोष्ट पाण्याची. काळी जमीन पावसाळाभर ओल धरते. जोड कच्चा राहिला की पाणी पाइपात शिरतं. मग ब्लोअर त्याच पाण्यावरून हवा ढकलतो. म्हणजे वीजबिल भरून आपणच कांद्याला दमट हवा देतो! कोंब, काजळी, सड, सगळं त्यातून येतं. म्हणून 50 फुटाला निदान 6 इंच उतार हवा. खालच्या टोकाला चाळीबाहेर चेंबर हवं, त्याला घट्ट झाकण हवं, नाहीतर हवा तिथूनच निसटते. पाणी काढायला वाट नसेल तर मुरूम भरून जोतं उचला आणि डक्ट जमिनीच्या वर ठेवा. तेही जमत नसेल तर डक्टचा नाद सोडा. खालून मोकळी असलेली आपली जुनी चाळ त्यापेक्षा बरी.

दुसरी गोष्ट भोकांची. 8 इंची पाइपाचं तोंड साधारण 50 चौरस इंच. 1 इंची भोक पाऊण चौरस इंचाचं. म्हणजे एका पाइपावर 60 च्या आसपास भोकं, बास. जास्त पाडली की दाब राहत नाही. मग एकीकडे वारं सुटतं आणि दुसरीकडे कांदा उबतो.

तिसरी गोष्ट ओतण्याची. ओल्या काँक्रीटमध्ये रिकामा पाइप तरंगतो. सळईचे खुंटे ठोकून तो बांधला नाही तर उतार गेलाच म्हणून समजा. भोकांची तोंडं बंद केली नाहीत तर स्लरी आत जाऊन बसते.

म्हणून माझं म्हणणं एकच: माल ओतायच्या आधी परीक्षा. वरच्या टोकाला पाणी सोडा, खालच्या टोकाला सगळं निघतंय का बघा. मग ब्लोअरपुढं गोवरीचा धूर करा, प्रत्येक भोकातून सारखा येतो का बघा. दोन्ही झाल्याशिवाय काँक्रीट नाही आणि पैसेही नाहीत. ओतल्यानंतर हीच परीक्षा पुन्हा घ्या, मगच शेवटचा हप्ता.

कोणी म्हणेल, यानं खर्च वाढतो. अहो, दोन बादल्या पाणी आणि चार गोवऱ्यांचा खर्च तो केवढा? सडलेल्या कांद्याची एक ट्रॉली उकिरड्यावर टाकताना हिशोब करा.

कृषी खात्यातल्या आणि सल्ला देणाऱ्या साहेबांनाही हात जोडून सांगणं आहे. चाळ पूर्ण झाल्यावर फोटो काढायला येऊ नका. पाइप उघडा असताना या, तेव्हाच काहीतरी दिसतं. आणि पावसाळी रात्री ब्लोअर बंद ठेवायचा, बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हाच चालवायचा, हेही शेतकऱ्याला सांगा. नुसतं बटण दाखवून जाऊ नका.