धरणकाठची गोधडी

माघातल्या एका सकाळी इंदापूर तालुक्यातल्या कुंभारगावी, उजनीच्या काठाकाठाने चालत होतो. बेशरमाची जांभळी फुले दवाने ओली होती. हिमालय ओलांडून आलेली पट्टकदंब बदके पाण्यावर कलकलत होती आणि उथळ पाण्यात रोहित पक्षी चोच उलटी करून चिखल गाळत उभे होते. मन प्रसन्न झाले.

परतताना एका अंगणात उन्हाला टाकलेल्या गोधड्या दिसल्या. बँकेत तारणाची किंमत लावण्यात माझे आयुष्य गेले. सवयीने विचारले, "आजी, ही केवढ्याला?"

"ती इकायची न्हाय बाबा. सासूच्या लुगड्याची हाय. ती जुन्या गावात नेसायची. गाव पाण्यात गेलं, लुगडं ऱ्हायलं."

मी गप्प झालो. भीमेवरचे हे धरण 1980 साली पुरे झाले. त्याआधी इथे शेते होती, घरे होती. पळसदेवचे जुने देऊळ आजही उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. पक्षी ऋतू बदलला की आपल्या मुलखात परततात. या माणसांना परतायला गावच उरले नाही.

पक्षी पाहायला जरूर जा. पण ज्या पाण्यावर तुमची होडी तरंगते, त्याखाली कुणाचे तरी अंगण आहे. निदान होडीवाल्याशी चार रुपयांसाठी घासाघीस करू नका. आणि काठावर कुणी म्हातारी भेटलीच, तर आधी तिच्या गावाचे नाव विचारा. गोधडीची किंमत नंतर.