फोटो काढण्याआधी विचारलं का?



दिवाळी झाली की आमचं महिला मंडळ ऊसतोडीला निघालेल्या बायांना ब्लँकेटं वाटतं. बीड जिल्ह्यात राहणाऱ्यांना ते दृश्य सांगायला नको. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, शेळी, लेकरं आणि वर बसलेली नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या हिशोबात त्या दोघांना मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मग पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक, आणि थंडीत उघड्या रानातली खोपी. ब्लँकेट त्यांना लागतंच. देण्यात काही चूक नव्हती.

चूक फोटोत झाली. मागे मंडळाचा बॅनर, पुढे आम्ही सगळ्या, एकाच ब्लँकेटला चौघींचे हात, आणि मध्ये ती बाई. तिने पदर तोंडावर ओढून घेतला. “अगं, पदर काढ की, तोंड दिसू दे,” असं कुणीतरी म्हणालं. ती कुणीतरी मीच होते. तिने पदर मागे सारला. फोटो ग्रुपवर गेला आणि तासाभरात ‘खूब खूब अनुमोदना’चा पाऊस पडला.

माझी लेक पुण्याला फोटोग्राफी शिकते. सुट्टीत घरी आली होती. माझ्या मोबाइलमध्ये तो फोटो पाहून एवढंच म्हणाली, “मम्मी, तिला विचारलं होतं का?” मी चिडून म्हटलं, “ब्लँकेट दिलं ना? त्यात विचारायचं काय?” बोलून गेले आणि माझं मलाच कसंतरी झालं.

तिने वाद घातला नाही. रात्री जेवणं आटोपल्यावर लॅपटॉप घेऊन बसली आणि एकेका फोटोग्राफरची कामं दाखवायला लागली. माझी समजूत अशी की कलेचा फोटो म्हणजे मावळता सूर्य, नाहीतर सुरकुतलेल्या म्हाताऱ्याचा काळा-पांढरा चेहरा. पण इथे प्रत्येकाची तऱ्हा वेगळी निघाली.

पहिल्या गौरी गिल. त्या दिल्लीच्या, पण त्यांचं एक मोठं काम आपल्या महाराष्ट्रातलं आहे, पालघर जिल्ह्यातल्या जव्हारचं. तिथे बोहाडा नावाचा उत्सव होतो. त्यात देवादिकांचे मुखवटे घालून नाचतात. कागदाच्या लगद्याचे ते मुखवटे कोकणा आणि वारली समाजातले कारागीर बनवतात. २०१५ पासून गौरी गिल या कारागिरांसोबत काम करत आहेत. देवांऐवजी रोजच्या जगण्यातले मुखवटे बनवा, असं त्यांनी सुचवलं. मग माणसांचे, प्राण्यांचे, घरातल्या वस्तूंचे मुखवटे तयार झाले, आणि ते घालून गावातल्याच लोकांनी रोजचे प्रसंग उभे केले. फोटो रंगीत आहेत, थोडे गमतीचे, थोडे स्वप्नासारखे. जगभरच्या मोठ्या प्रदर्शनांत ते लागले. मी मात्र एकाच गोष्टीपाशी थांबले. त्यात चेहरा झाकलेला आहे, पण तो त्यांनी स्वतः, स्वतःच्या हाताने घडवलेल्या मुखवट्याने झाकला आहे. आणि मी एका बाईचा पदर काढायला लावला होता.

त्यांचंच दुसरं काम राजस्थानातलं. २००३ साली लूणकरणसरला मुलींचा मेळा भरला होता, बालिका मेला. तिथे त्यांनी तंबूत साधा स्टुडिओ मांडला. ज्या मुलीला फोटो काढून घ्यायचा तिने यावं, कसं उभं राहायचं, सोबत कोण, हातात काय, हे तिनेच ठरवावं. साधे काळे-पांढरे फोटो, पण एकेका मुलीचा रुबाब बघत राहावा असा. गरीब घरातल्या मुली आहेत हे कपड्यांवरून कळतं, पण बघताना ‘बिचारी’ हा शब्द मनात येत नाही.

मग सुधारक ओलवे. हे आपल्या विदर्भातले, अकोल्याचे. २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर त्यांनी केलेलं काम प्रसिद्ध आहे. इथे मुखवटा नाही, गंमत नाही. गटारात उतरलेला माणूस, कचऱ्याच्या ढिगातले हात, घरी परतलेला थकलेला जीव. बघवत नाही. मी लेकीला म्हटलं, “मग हे चालतं आणि आमचं चालत नाही?” ती म्हणाली, “मम्मी, नीट बघ, यात देणारा कोणी आहे का?” खरंच नव्हता. त्या फोटोत कामगार आहे, त्याचं काम आहे, आणि ते काम ज्यांच्यामुळे त्याच्या वाट्याला आलं ते आपण सगळे फोटोच्या बाहेर उभे. आमच्या फोटोत मात्र देणाऱ्याच जास्त. त्या बाईला आम्ही फक्त आमचं दान दिसावं म्हणून उभं केलं होतं.

दयानिता सिंह यांची रीत आणखी वेगळी. दिल्लीतल्या मोना अहमद या तृतीयपंथी व्यक्तीशी त्यांची वर्षानुवर्षांची मैत्री. त्या मैत्रीतून २००१ मध्ये पुस्तक झालं, आणि त्यात फोटोंसोबत मोनांनी स्वतः लिहिलेले ईमेल छापले आहेत. म्हणजे चेहराही त्यांचा आणि बोलणंही त्यांचंच. दयानिता यांचं ‘फाइल रूम’ हे पुस्तक पाहताना तर आपल्या घरची आठवण येते. जुन्या दप्तरखान्यांतल्या कपाटांवर रचलेले कागदांचे गठ्ठे, कापडात बांधलेल्या पोथडीसारख्या फायली. ज्ञानपंचमीला आपण शास्त्रांची बासनं उघडतो, वारा दाखवतो, पुन्हा बांधून ठेवतो, तसंच सगळं. २०२२ मध्ये त्यांना हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. फोटोग्राफीच्या जगात तो फार मोठा मानला जातो.

इतक्या तऱ्हा बघून मला पाठशाळेतला अनेकांतवाद आठवला. एकच माणूस, पण दाखवणाऱ्याच्या दृष्टीप्रमाणे त्याची वेगवेगळी बाजू समोर येते. एकीला खेळातून सत्य दिसतं, दुसऱ्याला कष्टातून, तिसरीला मैत्रीतून. कुणाचंच खोटं नाही, कुणाचंच पूर्ण नाही. पण मला यात एक गोष्ट समान वाटली. समोरच्या माणसाचं त्या फोटोत काहीतरी स्वतःचं आहे. हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीत जो तो आपापलं सांगतो, हत्तीला कोणीच विचारत नाही. इथे या लोकांनी विचारलं होतं.

आणि विचारणं आपल्याला येत नाही असंही नाही. यंदाच्या चातुर्मासात आमच्याकडे महासतीजी विराजमान होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आमचा फोटो काढायचा नाही. चार महिन्यांत एकीनेही मोबाइल वर केला नाही. एखादी नवी सून चुकून काढायला गेली तर दहाजणींनी तिचा हात धरला. म्हणजे समोरच्याची इच्छा मोडू नये हे आपल्याला चांगलं कळतं. ते फक्त पूज्य माणसांपुरतं ठेवायचं का? जीवमात्राविषयी समभाव आपण रोज सामायिकात म्हणतो. त्या जीवांत ऊसतोडीची बाई येतेच की.

आता माझ्या मंडळातल्या मैत्रिणी काय म्हणतील ते मला माहीत आहे. दात्यांना हिशोब द्यावा लागतो. फोटो पाहून चार जणांना प्रेरणा मिळते. दोन्ही खरं आहे. शिवाय फोटोने भलंही होतं. २०१९ मध्ये आपल्या बीडमधल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर गेली, कॅमेरे आले, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हा फोटो काढूच नयेत असं मी म्हणत नाही.

पण हिशोबाला चेहरा कशाला लागतो? आपण व्यापाऱ्याच्या घरातल्या बाया. हिशोब वहीत असतो. ब्लँकेटांच्या थप्पीचा फोटो काढा, दुकानाच्या बिलाचा काढा, वाटपाच्या नोंदीच्या पानाचा काढा. दात्याला रुपया न रुपया दिसेल. आणि प्रेरणेचं म्हणाल तर आपल्या आजी-पणज्यांनी गुप्तदान केलं, तरी आपल्यापर्यंत दानाचा संस्कार पोहोचलाच ना? चार कषायांत मान कषाय हा सगळ्यात गोड बोलून घरात शिरतो. तो फोटो ग्रुपवर टाकताना माझ्या मनात करुणा किती होती आणि मान किती, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर इथे लिहायला लाज वाटते.

म्हणून पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. वाटपाच्या वेळी घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. बॅनर न्यायचा नाही. आणि तिसरं मला बालिका मेल्यावरून सुचलं. एखाद्या जोडीला स्वतःचा, लेकरांचा फोटो हवा असेल तर तो त्यांना हवा तसा काढायचा, छापून त्यांच्या हातात द्यायचा, आणि आपल्या ग्रुपवर टाकायचा नाही. लेकीने प्रिंटचा खर्च आपल्या खिशातून करायचं कबूल केलं आहे.

तो जुना फोटो मी काढून टाकला आणि ग्रुपवरच्या सगळ्यांनाही पुसायला सांगितला. काहींनी पुसला, काही रुसल्या. अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे वर्षीतपाची पारणी होतात, त्या सुमारास टोळ्या परत आलेल्या असतात. तेव्हा त्या बाईला गाठून मिच्छामि दुक्कडम् म्हणायचं आहे. पण अडचण अशी की चौघींनी धरून ब्लँकेट दिलं, फोटो काढला, आणि एकीनेही तिचं नाव विचारलं नाही. आता मुकादमाकडे चौकशी लावली आहे.

तुमच्या मंडळात काय पद्धत आहे, जरूर कळवा.