‘इंडस्ट्री’ म्हणावे तरी कशाला?

काही इंग्रजी शब्द कोशात अगदी साधे दिसतात, परंतु न्यायालयाच्या पायऱ्या चढले की त्यांचे रूप पालटते. ‘इंडस्ट्री’ हा असाच एक शब्द आहे. रुग्णालय, शाळा किंवा क्लब ही ‘इंडस्ट्री’ आहे काय, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ शब्दच्छल वाटेल. परंतु नोकरीवरून काढून टाकलेल्या माणसाला कामगार न्यायालयात दाद मागता येईल की नाही, हे या एका शब्दाच्या अर्थावर ठरत आले आहे. भाषेचा प्रश्न येथे भाकरीचा प्रश्न होतो.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ परिश्रमशीलता असा आहे. इंग्रजीत आजही कष्टाळू माणसाला ‘इंडस्ट्रियस’ म्हणतात. अ‍ॅडम स्मिथच्या १७७६ सालच्या ग्रंथातही हा शब्द बहुधा माणसाच्या श्रमालाच उद्देशून येतो. पुढे यंत्रयुग आले आणि माणसाच्या अंगचा गुण सांगणारा शब्द कारखान्याच्या धुराड्याला जाऊन चिकटला. मराठीतील ‘उद्योग’ या शब्दाची गतही फारशी निराळी नाही. उद्योगी मुलाची स्तुती होते, नसते उद्योग करणाऱ्याची कानउघाडणी होते आणि उद्योगपतीची गणना या दोघांहून वेगळ्याच पंक्तीत होते. अर्थशास्त्राने त्यात आणखी एका अर्थाची भर घातली. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात शेती, उद्योग आणि सेवा अशी तीन क्षेत्रे मानली जातात, आणि शाळा व रुग्णालये सेवाक्षेत्रात मोडतात.

कायद्याने मात्र निराळी वाट धरली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने मालकांचा धंदा, व्यापार व उपक्रम यांच्याबरोबरच कामगारांची सेवा, नोकरी आणि हस्तव्यवसाय यांनाही ‘इंडस्ट्री’च्या व्याख्येत स्थान दिले. एवढी ऐसपैस व्याख्या केल्यावर तिच्या सीमा कोठे संपतात, हे ठरविण्याचे काम न्यायाधीशांवर येणे अपरिहार्य होते.

१९५२ साली बंगालमधील बजबज नगरपालिकेच्या बडतर्फ झालेल्या मुख्य कारकुनाचे व आरोग्य निरीक्षकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. नगरपालिकेतील असा विवादही औद्योगिक विवाद ठरू शकतो, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. १९६० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील कपात झालेल्या वॉर्ड-सेवकांच्या प्रकरणात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी रुग्णालयालाही ‘इंडस्ट्री’ ठरविले. त्याच वर्षी नागपूर महापालिकेच्या बहुतेक खात्यांबाबत तसाच निर्णय झाला. परंतु १९६३ साली दिल्ली विद्यापीठाचा बसचालक न्यायालयात गेला, तेव्हा विद्यापीठ ही ‘इंडस्ट्री’ नव्हे असे ठरले. १९७० साली तर सफदरजंग रुग्णालयाच्या निकालाने दहा वर्षांपूर्वीचा रुग्णालयासंबंधीचा निर्णयच रद्द झाला. बस तीच, चालकाचे कामही तेच. परंतु ती गिरणीची असली तर चालकाला दाद आणि विद्यापीठाची असली तर दरवाजा बंद, असा हा प्रकार होता.

या गोंधळावर उतारा म्हणून सात न्यायाधीशांच्या पीठाने २१ फेब्रुवारी १९७८ रोजी बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलेली कसोटी थोडक्यात अशी : काम पद्धतशीरपणे चालते काय, ते मालक व नोकर यांच्या सहकार्याने होते काय आणि त्यातून माणसाच्या गरजा भागविणाऱ्या वस्तू वा सेवा निर्माण होतात काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल तर ती ‘इंडस्ट्री’. मग नफ्याचा हेतू असो वा नसो. शासनाची सार्वभौम स्वरूपाची कार्ये तेवढी वगळण्यात आली. या निकालाने शब्दाचे केंद्र मालकाच्या हेतूवरून कामाच्या स्वरूपाकडे सरकले, हेच त्याचे खरे महत्त्व.

संसदेला हा विस्तार मानवला नाही. १९८२ साली तिने दुरुस्ती करून रुग्णालये, शिक्षणसंस्था व धर्मादाय संस्था व्याख्येतून वगळल्या. मात्र दुरुस्तीचा हा भाग कोणत्याही सरकारने कधीच अमलात आणला नाही. पुढे २०१७ साली १९७८ च्या निकालाचा फेरविचार नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला. कायदा पुस्तकात एक आणि व्यवहारात दुसरा, अशा अवस्थेत एक संपूर्ण पिढी नोकरीला लागून निवृत्तही झाली.

या शब्दापासून दूर पळणारेच प्रसंगी त्याच्यासाठी अर्ज घेऊन उभे राहतात, ही त्यातली गंमत. १९९८ साली चित्रपट व्यवसायाला ‘उद्योगा’चा दर्जा जाहीर झाला, तेव्हा त्याचे स्वागतच झाले; कारण त्या दर्जाच्या मागे संस्थात्मक कर्जाची वाट होती. कर्ज व सवलत मागताना हवाहवासा वाटणारा शब्द कामगाराने उच्चारला की नकोसा होतो.

शिक्षकांची स्थिती तर सर्वांहून विचित्र आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शाळा ही ‘इंडस्ट्री’ असली, तरी शिक्षक हा ‘कामगार’ नव्हे. अध्यापन हे उदात्त कार्य आहे. म्हणजे त्याच शाळेतील कारकुनाला कामगार न्यायालय खुले आणि शिक्षकाला मात्र गौरवाचे शब्द! २००४ साली याच धर्तीच्या अर्थनिर्णयाने शिक्षकांना उपदानाच्या कायद्यातूनही बाहेर ठेवले. ती चूक निस्तरण्यासाठी संसदेला २००९ साली पूर्वलक्षी दुरुस्ती करावी लागली. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील शिक्षकांसाठी १९७७ च्या कायद्याने स्वतंत्र न्यायाधिकरणाची सोय केली, हे खरे. परंतु खाजगी शिकवणी वर्गात राबणाऱ्या तरुण पदवीधराला त्या सोयीचा उपयोग नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने १९४७ चा कायदा मोडीत काढून नवी व्याख्या दिली आहे. ती १९७८ च्या कसोटीवरच उभी आहे. परंतु पूर्णतः वा मुख्यत्वे धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी कार्य करणाऱ्या संघटनांच्या संस्था तिने वगळल्या आहेत. शिवाय केंद्र सरकारला आणखी कोणतेही कार्य अधिसूचना काढून वगळता येईल. महाराष्ट्रातील असंख्य महाविद्यालये व रुग्णालये सार्वजनिक न्यासांच्या नावे चालतात. त्यांतील ‘परोपकारी’ कोण आणि ‘मुख्यत्वे’ म्हणजे किती, यावर आता नवे वाद झडतील. जुन्या शब्दाचा पेच दोन नव्या शब्दांवर गेला, एवढेच.

शब्दाला अनेक अर्थ असणे हा भाषेचा दोष नव्हे. ती तिची श्रीमंती आहे. परंतु कायद्यातील संदिग्धतेची किंमत ज्याच्यापाशी वकील नाही आणि वेळही नाही, त्याला मोजावी लागते. संस्थेचा हेतू कितीही उदात्त असो, तिच्या नोकराच्या घरचे वाण्याचे बिल त्या हेतूने भागत नाही. म्हणून संस्थेला कोणते नाव द्यावे, याचा काथ्याकूट करण्याऐवजी वेतनावर काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शिक्षक असो, कारकून असो वा शिपाई, तक्रारीसाठी एक निश्चित दार कायद्याने नेमून द्यावे. ते दार असेल, तर त्यावरच्या पाटीवर ‘इंडस्ट्री’ लिहिले आहे की नाही, याची चिंता कोशकारांवर सोपविण्यास हरकत नाही.